नॉइज म्हणजे गोंगाट? कालवा म्हणा की

परभणीहून एकानं विचारलंय, लॅपटॉपला मिक्सर जोडून भजन लाइव्ह करायलोत, कुणी तोंड उघडायच्या आधीच घूंऽऽ येऊलालंय, मराठी व्हिडिओ बघावा तर त्यात नॉइजला सारखं ‘पार्श्वभूमीतील गोंगाट’, दुसरा एकजण लिहितो ‘रव’, तर खरा शब्द कोणता आन् हे बंद कसं करावं.

गोंगाट ऐकला की माझं डोकं उठतं. गोंगाट यष्टी स्टँडवर असतो, वायरीत कोण बसलंय गोंगाट करायला? आणि रव तर गोड असतो, कलरव, गुंजारव, चार्जरच्या घूंघूंला रव म्हणणाऱ्यानं ते एकदा हेडफोन लावून ऐकावं.

आपल्याकडं घरोघर शब्द आहे, कालवा. “कामून कालवा करायलेत रे, बातम्या ऐकू देनात” असं आजी म्हणायची तेव्हा तिची तक्रार आवाज मोठा असल्याची नसायची, हवा तो आवाज नको त्यात बुडाल्याची असायची. नॉइज म्हणजे नेमकं हेच. आता कोशवाले म्हणतील कालवा हा कलकल किंवा कलरवातून आला. कलकलचा कलकलाट आधीच झालाय, परत कालवा कशाला होईल, आणि कलरवातला र काय जायकवाडीच्या कालव्यात वाहून गेला? (तो कालवा वेगळा, त्यात सध्या शिरत नाही.) माझं म्हणणं सरळ आहे, कालवणे. भाकरी कुस्करून कालवणात कालवली की परत भाकरी वेगळी काढता येती का? तसंच आवाजात आवाज कालवला की झाला कालवा. पुरावा मागू नका, जेवताना विचार करा, पटंल.

म्हणून तर रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरनं नॉइज काढला की गळापण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो, कालवायच्या आधीच थांबवावं लागतं. त्यातही आपली भाषा बारीक आहे. घूं म्हणजे लाइटीचा 50 हर्ट्झ. सूंऽऽ म्हणजे माइक बूस्ट, कॉम्प्युटरातली माइकचा आवाज वाढवायची सेटिंग, चढवलेला, 20 डेसिबलला गळा दहापट होतो तशी सूंपण दहापट. तडतड म्हणजे बफर कमी, बफर म्हणजे कॉम्प्युटर एका घासात आवाजाचे किती तुकडे घेतो ते, 48000 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला 48000 तुकडे) 64 चा बफर ठेवला तर कॉम्प्युटरला दीड मिलिसेकंदसुद्धा मिळत नाही, 256 करून बघायचा. या तिन्हीला ‘गोंगाट’ म्हणणाऱ्याला दुरुस्ती कुठून सुरू करायची तेच कळणार नाही.

हां, तुमचं राहिलंच. घूं आहे ना, चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बंद झालं तर मिक्सर आन् लॅपटॉप दोन वेगळ्या सॉकेटांत असतील, दोन्हीची अर्थिंग फिरून एकमेकाला मिळायलीय, एकाच बोर्डावर लावा. तरी आलंच तर भजन होईस्तोवर चार्जर बाजूला ठेवा.