इंदूरमध्ये डूलांचा उपक्रम सुरू करायचाय, सुरुवात कुठून करू?

मंडळातल्या बायकांना डूलाचं, म्हणजे बाळंतपणातल्या सोबतिणीचं, प्रशिक्षण देऊन वस्त्यांमध्ये पाठवायचंय असं तुम्ही लिहिलंय. ताई, आधी लेबर रूमच्या सिस्टरांना भेटा. त्यांना सोबतिणीची अडचण वाटली तर दारातूनच परत पाठवतील. केंद्र सरकारच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस असू देण्याची तरतूद आहे, ती दाखवा. सोबतीण तपासणी करणार नाही, औषध देणार नाही, हेही लिहून द्या.

पण सगळ्या सोबतिणी मराठी घरांतल्या नकोत. निमाडहून मजुरीला आलेल्या एका मुलीपाशी मी रात्रभर बसले होते. सिस्टर हिंदीत सांगत होत्या, ती नुसती मान हलवायची. पहाटे तिच्या वस्तीतली मावशी आली, कंबर चोळत निमाडीत दोन शब्द बोलली, तेव्हा कुठे त्या पोरीने माझं मनगट सोडलं. म्हणून त्याच वस्तीतली, तीच बोली बोलणारी बाई निवडा. तिला मानधन द्या, रात्रीचं रिक्षाभाडं वेगळं. रोजी बुडवून फुकट जागणं तिला परवडणार नाही. आशाताईंना पहिल्या बैठकीपासून बोलवा. कुणाचे दिवस भरत आलेत हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.