सातवीतला मुलगा वर्गात मारामारी करतो. हा हट्टीपणा आहे की मानसिक आजार?

आपला मुलगा दिवाळीनंतर अचानक वर्गातील मुलांवर हात उचलू लागला आणि शाळेने दाखला देण्याची ताकीद दिली, असे आपण लिहिले आहे. शालेय समुपदेशक म्हणून मला यातला 'अचानक' हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी शांत असलेले मूल एकाएकी आक्रमक होते, तेव्हा मी प्रथम नैराश्याची शक्यता तपासतो. नैराश्य म्हणजे उदास चेहरा आणि रडणे, असे आपण धरून चालतो. परंतु मुलांमध्ये ते सततच्या चिडचिडीतून प्रकट होऊ शकते आणि निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड ग्राह्य धरली जाते. त्याची झोप, भूक आणि खेळातला रस कमी झाला आहे का, तसेच कोणी त्याला छळते, मारते किंवा नकोसा स्पर्श करते का, हे शांतपणे विचारा. मरण्याविषयी तो काही बोलला, तर मात्र एक दिवसही न थांबता त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

अतिचंचलता असेल, तर तिची लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून आणि घरी व शाळेत अशा दोन्हीकडे दिसायला हवीत. याउलट भांडणे ठरावीक तासालाच, विशेषतः मोठ्याने वाचायला लावल्यावर होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे-लिहिणे किंवा गणित अवघड जाण्याची, तपासणी करून घ्या. चारचौघांत 'ढ' ठरण्यापेक्षा मुलांना 'दांडगा' म्हणवून घेणे सोसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ही तपासणी मुंबईत सायन, नायर आणि केईएम रुग्णालयांत होते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे.

दाखल्याच्या ताकिदीने घाबरू नका. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता, शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षेलाही त्याच कायद्याने बंदी आहे. अर्थात ज्या मुलांना मार बसला, त्यांच्या पालकांशी आपण स्वतःहून बोलले पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

मुलाच्या भांडणांची वेळ, जागा आणि आधी काय घडले याची नोंद दोन आठवडे वर्गशिक्षकांकडून मागून घ्या व ती वही बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यांची वेळ मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येईल.