कंपनीबद्दलचे वाईट रिव्ह्यू गूगलवरून काढून टाकता येतात का?

नाही, निदान सरसकट तरी नाही. रिव्ह्यू खोटा असेल, शिवीगाळ असेल किंवा धंद्याशी संबंधच नसेल तर रिपोर्ट करा, गूगल बघून काढतं, पण गिऱ्हाईक खरंच वैतागलंय आणि त्याने एक स्टार दिलाय तर तो तिथेच राहणार.

मग करायचं काय, तर उत्तर द्यायचं, आणि ते त्या एका माणसासाठी नाही तर नंतर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय असं समजून द्यायचं. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे कॉपी-पेस्ट तर अजिबात नको, लोकांना लगेच कळतं. नेमकं काय चुकलं ते सांगून मान्य करा, काय करताय ते सांगा आणि पुढचं बोलणं फोनवर न्या. ऑर्डर नंबर, मोबाईल नंबर असलं काही उघड्यावर विचारू नका, फेक कस्टमर केअरवाले टपूनच बसलेले असतात.

गप्प बसलं की विषय संपतो हाही गैरसमजच. युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात एका गायकाची गिटार मोडली, कंपनीने बरेच महिने भरपाई टाळली, शेवटी 2009 मध्ये त्याने त्यावर गाणंच करून यूट्यूबवर टाकलं आणि ते जगभर गाजलं. मग कंपनी भरपाई द्यायला तयार झाली, पण तोवर व्हायची ती शोभा होऊन गेली होती!

आणि हो, स्टाफकडून फाइव्ह-स्टार टाकून घ्यायचं डोक्यात असेल तर सोडा, तेही नियमात बसत नाही.