ब्रोशरमधलं ग्राउंड गेलं कुठे?

प्रश्न: ताई, आम्ही मोशीत 2021 ला फ्लॅट बुक केला तेव्हा ब्रोशरमध्ये पाच विंग आणि मधोमध मस्त हिरवं ग्राउंड होतं. पाच विंग झाल्या, पझेशन मिळालं, ग्राउंडवर मात्र अजून सळया आणि खडी पडलीय. आता बिल्डर म्हणतो तिथे सहावी विंग येणार, मुलांना पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, प्ले एरिया दिलाय ना. तो म्हणजे रबरी फरशी, एक घसरगुंडी, दोन झोके. मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात, गाड्यांच्या काचा फुटतात, रोज भांडणं. काय करता येईल?

उत्तर: आधी ते ब्रोशर बाजूला ठेवा, त्यातली झाडं कॉम्प्युटरवरच उगवलेली असतात. महारेराच्या (रेरा कायद्याखाली बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर तुमच्या प्रोजेक्टचा मंजूर लेआउट बघा, त्यात ओपन स्पेस नेमकी कुठे दाखवलीय आणि तुमचं ग्राउंड तेच आहे का हे तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली 2020 ची यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली म्हणते की 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या जागेवर 10 टक्के मोकळी ठेवायची. दोन एकरांत साधारण 800 चौरस मीटर, म्हणजे दहाएक बॅडमिंटन कोर्टं. दीडशे-दोनशे घरांची पोरं तिथे सोडली की कळतं किती कमी आहे ते, आणि त्यातही विंग घुसवायची!

रेरा कायद्याचं कलम 14 तुमच्या बाजूने आहे. मंजूर लेआउट किंवा कॉमन एरिया बदलायचा तर बिल्डर सोडून बाकीच्या किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. ‘तुम्ही अ‍ॅग्रीमेंटमध्येच सही केलीय’ असं ऐकवतील, घाबरू नका, सरसकट आगाऊ घेतलेली संमती चालत नाही असं मुंबई हायकोर्टाने फ्लॅटविक्रीच्या जुन्या मोफा कायद्याखाली म्हटलेलं आहे. सगळ्यांनी मिळून लेखी हरकत द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिडून काही होत नाही.

आणि पोडियमचं म्हणाल तर, मुंबईच्या नियमांबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2013 मध्ये सांगितलं की किमान मोकळी जागा जमिनीवरच द्या, पोडियमवर काय करायचं ते त्याशिवाय जादा. मला ते पटतं. एप्रिलमध्ये बहिणीच्या सोसायटीत भाच्याला घेऊन संध्याकाळी पाचला पोडियमवर गेले, घसरगुंडीचा पत्रा एवढा तापलेला की पोरगं टेकलं आणि ओरडत उठलं. बाकीची पोरं कुठे होती माहितीये? खाली, ड्रेनेजसाठी खणलेल्या मातीच्या ढिगावर, गुडघ्यापर्यंत लाल, कुणी बोगदा करतंय, कुणी नुसतंच घसरतंय. घसरगुंडी रिकामी!

प्रश्न: नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंग करतोय. प्ले एरियाचं काय बघायचं?

उत्तर: झोके किती ते मोजू नका. मोकळी जागा एकसंध आहे की कंपाउंडच्या कडेने उरलेल्या पट्ट्या जोडून आकडा भरलाय, ते बघा. तीन मीटरच्या पट्टीत लगोरीसुद्धा धड खेळता येत नाही. पार्किंगचा रॅम्प मधे येतो का, घराच्या खिडकीतून पोरं दिसतात का, दुपारनंतर सावली कुठल्या बाजूला असते, हे साइटवर उभं राहून बघा, सेल्स ऑफिसच्या एसीत बसून नाही कळणार. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना झोके नकोच असतात, त्यांना बॉल मारायला जागा आणि बसायला कट्टा लागतो, हे प्लॅनमध्ये बहुतेक कुणी धरतच नाही. आणि झाडं पहिल्या फेजलाच लावणार का ते विचारा. पझेशनच्या आदल्या आठवड्यात ट्रकमधून आणून रोवलेल्या पामची सावली कुणाला पडते?