वाचकांचे प्रश्न : पणजीचे नाव मतदार यादीत का नव्हते?

प्रश्न : माझी आजी साखर पेठेत राहते आणि आजही विड्या वळते. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, निजामाच्या राज्यातून सोलापुरात आल्या आणि आयुष्यभर घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत राहिल्या. आजी सांगते, की पहिल्या निवडणुकीत पणजोबांनी मत दिले. पणजीला मात्र यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत यावे लागले. स्वातंत्र्यानंतर स्त्रीपुरुष सर्वांना एकाच वेळी मताधिकार मिळाला असे आम्ही शाळेत शिकलो. मग पणजीच्या बाबतीत असे का झाले?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुम्ही शाळेत शिकलात ते खरे आहे आणि आजी सांगतात तेही खरे असू शकते. हक्क मिळणे आणि यादीत नाव चढणे या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर असते.

आधी त्या हक्काचे मोल पाहू. १९३७ साली प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रौढांपैकी साधारण सहापैकी एकालाच मत होते. शेतसारा, घरभाडे, कर किंवा शिक्षण यांवर तो अधिकार ठरत असे. काही स्त्रियांना तो मिळाला, पण त्यांतल्या बऱ्याच जणींना मालमत्ताधारक मतदाराची पत्नी किंवा विधवा या नात्याने. गिरणीच्या चाळीत किंवा कारखानदाराच्या मागावर राबणाऱ्या कुटुंबातील बाई या कोणत्याच अटीत सहसा बसत नसे. राज्यघटनेने या साऱ्या अटी एका फटक्यात काढून टाकल्या आणि २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. मतदानाचे वय १८ झाले ते पुढे, १९८९ साली.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३२ लाख नावांची यादी तयार झाली. ती करताना नोंदणी कर्मचारी दारोदार गेले, तेव्हा कितीतरी घरांतील स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. कच्च्या यादीत ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशाच नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ही पद्धत मान्य केली नाही. मतदाराचे स्वतःचे नाव हवेच, असा त्यांचा आग्रह होता. नाव सांगण्याची पुन्हा संधी देऊनही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मिळाली नाहीत आणि त्या नोंदी यादीतून गळाल्या. हा निर्णय तेव्हा कठोर वाटला असेल, पण तो योग्य होता असे माझे मत आहे. त्या वेळी ‘अमक्याची पत्नी’ ही नोंद चालवून घेतली असती, तर ती पुढे कित्येक वर्षे तशीच चालली असती.

परंतु ही गळती प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतली होती. सोलापूर तेव्हा मुंबई राज्यात होते. त्यामुळे तुमच्या पणजीच्या बाबतीत मी आणखी दोन शक्यता आधी तपासून पाहीन. पहिली वयाची. १ मार्च १९५० रोजी २१ वर्षे पूर्ण असलेल्यांचीच नावे त्या यादीत घेतली गेली. निवडणूक होईपर्यंत वयाची अट पूर्ण झाली, तरी उपयोग नव्हता. दुसरी वास्तव्याची. ठरवून दिलेल्या काळात त्या मतदारसंघात किमान १८० दिवस राहिलेले असणे तेव्हा आवश्यक होते. पणजोबा आधी एकटे सोलापुरात येऊन मागावर बसले आणि बिऱ्हाड मागाहून आले, असे पद्मशाली विणकर कुटुंबांत पुष्कळदा होत असे. तुमच्याकडे तसे घडले असेल, तर एकाच घरातील नवऱ्याचे नाव यादीत आणि बायकोचे नाही, ही गोष्ट सहज समजते. पणजी सोलापुरात कोणत्या साली आल्या आणि तेव्हा त्यांचे वय किती होते, हे दोन प्रश्न आजीला विचारून पाहा.

तुमच्या पत्रातील ‘कांड्या भरत राहिल्या’ हे शब्द वाचून मात्र मी थबकलो, कारण मतदार यादीपेक्षा मोठी गळती तिथे आहे. १९५१च्या जनगणनेत माणसांचे तीन वर्ग केले होते : स्वावलंबी, कमावते आश्रित आणि न कमावते आश्रित. घरच्या मागासाठी सूत उकलणारी, कांड्या भरणारी, ताण्याला हात लावणारी बाई या तिन्हींपैकी कुठे बसवायची? लुगडे विणून झाले की पैसे नवऱ्याच्या हातात पडत. तिच्या हातात वेगळी मजुरी कधी येतच नसे. अशा बाईची गणना ‘न कमावती आश्रित’ म्हणून होणे फार सोपे होते. विणकराचा माग दिवसभर चालायचा तर कांड्या भरणारा एक हात त्याच्यामागे सतत लागतो, हे ज्याने माग पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या घरात पहाटे चरख्याची घरघर सुरू होई आणि माग त्यानंतर वाजू लागे. दिवसाचे काम त्या बाईपासून सुरू होत असे, आणि तरीही ‘घरात कमावते किती?’ या प्रश्नाला ‘एक’ असेच उत्तर मिळत असे.

१९६१च्या जनगणनेत ‘घरगुती उद्योग’ असा वेगळा वर्ग आला आणि अशा कामाला निदान एक रकाना मिळाला. पण तिथेही उत्तर बहुधा घरातला पुरुषच देत असे, आणि बायको काय करते असे विचारले तर तो ‘घरीच असते’ असे म्हणे.

प्रश्न : आमच्या भागात बऱ्याच बायका विडी कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळतात. मतदानाच्या दिवशी इतरांना भरपगारी सुटी मिळते. आम्हाला हजारी दराने मजुरी मिळते. विड्या वळल्या नाहीत तर त्या दिवशी पैसे नाहीत. आमच्यासाठी कायद्यात काही आहे का?
– एक विडी कामगार, सोलापूर

उत्तर : आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातील कलम १३५ ब अन्वये कोणत्याही व्यवसायात, उद्योगात किंवा आस्थापनेत कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी सुटी द्यावी लागते आणि त्यासाठी मजुरी कापता येत नाही. ज्याला एरवी त्या दिवसाची मजुरी मिळाली नसती, त्यालाही ती द्यावी, असे हे कलम स्पष्ट सांगते. मोडणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. ही रक्कम आज कोणालाही धाक वाटावा इतकी राहिलेली नाही, आणि ती वाढवावी असे मला मनापासून वाटते.

घरी काम करणारी बाई ‘कामाला असलेली’ आहे का, असा वाद मालकाकडून येऊ शकतो. या वादाचा इतिहास तुम्हाला ठाऊक असावा. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्या व्यक्तीला कामगाराच्या व्याख्येत घेतले. विडी मालकांनी या कायद्याला आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. म्हणजे घरच्या उंबऱ्याआत सुपात पान कापणारी बाई ही कामगारच आहे, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी निकालात निघाली आहे. तुमच्या नावाचे ओळखपत्र आणि नोंदवही असेल, तर युनियनमार्फत मतदानाच्या आधीच लेखी मागणी करा. अडचण येईल ती एकीच्या कार्डावर दोघी-तिघी काम करत असतील तेव्हा. ज्या सुनेचे किंवा मुलीचे नाव कारखान्याच्या दप्तरातच नाही, तिला हे कलम दाखवून काही मागता येणार नाही. म्हणून स्वतःच्या नावाचे कार्ड काढून घेणे हे मतदानाच्या मजुरीपेक्षाही निकडीचे काम आहे. भविष्य निर्वाह निधीही त्या नावावरच जमा होतो.

प्रश्न : मी यंत्रमाग कामगार आहे. अक्कलकोट रोड भागात भाड्याने राहतो. घरमालक भाडेकरार करून देत नाही. गावाकडच्या यादीत माझे नाव आहे, पण मतदानाला जायचे तर दोन दिवसांचा खाडा होतो. सोलापुरात नाव लावता येईल का?
– एक वाचक

उत्तर : येईल. घर स्वतःचे असण्याची अट कायद्यात नाही. तुम्ही तिथे सर्वसाधारणपणे राहत असले पाहिजे, एवढेच पाहिले जाते. उलट गावात नुसते घर आहे म्हणून तिथले रहिवासी ठरता येत नाही, असेही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याचे कलम २० सांगते. नमुना ८ भरून पत्ता बदलण्याचा अर्ज करा. नवीन नाव नोंदवण्याचा नमुना ६ भरू नका, कारण एका वेळी दोन ठिकाणी नाव असणे बेकायदेशीर आहे. पत्त्यासाठी बँकेचे पासबुक किंवा गॅसचे बिल चालते. कोणताच कागद नसेल, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा.

हीच गोष्ट शहरातून कुंभारीच्या घरकुलांत राहायला गेलेल्यांनाही लागू आहे. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने तिथे विडी कामगारांसाठी दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ साली ती कामगारांच्या हाती आली. इतक्या गरीब स्त्रियांनी मिळून उभी केलेली ही वसाहत देशात उल्लेखनीय आहे. पण कुंभारी ग्रामपंचायतीत राहणाऱ्याचे नाव जुन्या पेठेतच राहिले, तर पाणी, रस्ता आणि दिवाबत्ती यांचा निर्णय जिथे होतो तिथे त्याचे मत नसते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या मुलांना चार हुतात्म्यांची आणि मार्शल लॉची माहिती असते, पण आपले शहर पोटापाण्याला कसे लागले हे कुठे सलग वाचायला मिळत नाही. मुलांकडून या विषयाचा प्रकल्प करून घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, सुरुवात हुतात्म्यांपासूनच करा, पण तिथे थांबू नका. मे १९३०मध्ये लष्करी कायदा ज्या शहरावर लादला गेला, ते गिरण्यांचे शहर होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या मागे जी गर्दी उभी होती, तिच्यात गिरणी कामगार होते. ही माणसे सोलापुरात कोठून आली, हा मुलांसाठी उत्तम पहिला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना मुले दुष्काळापर्यंत पोहोचतील. १८६०मध्ये रेल्वे सोलापुरात आली. १८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खनची खेडी उजाड केली, आणि नेमक्या त्याच काळात, १८७७ साली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पीक गेलेल्या माणसाला गिरणीच्या दाराशी उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या निघाल्या. त्या कापडाबरोबर सूतही विकत, आणि ते सूत शहराच्या पूर्वभागातल्या हातमागांवर जाई. म्हणून गिरणी आणि माग हे सोलापुरात केवळ एकमेकांचे वैरी नव्हते. या नात्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले आहे.

आणखी एक पान आपण जवळजवळ उलटलेलेच नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्या सेटलमेंटमधल्या स्त्रीपुरुषांनीही या गिरण्यांत काम केले. हजेरी द्यायची, ठरल्या वेळी कुंपणात परत यायचे आणि मधल्या वेळात गिरणी चालवायची, असे ते जिणे होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेल्यानंतर. नागरिक म्हणून मत देण्याचा हक्क देशाने प्रौढ माणसाला दिला, तेव्हाही जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा कागदावर जिवंत होता. हा विषय वर्गात घेताना त्या वस्तीतली मुले समोर बसलेली असतील, याचे भान ठेवावे.

वाचनासाठी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास शिक्षकांनी जरूर पाहावा. मुलांना मात्र पुस्तकाऐवजी माणसांकडे पाठवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यांना पाठ असते. त्या चादरीच्या कडा कोण शिवते, घड्या कोण घालते, नगाला किती मिळतात, हे त्यांनी स्वतः विचारून यावे. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वृद्ध बाईशी बोलावे. सोलापुरात कधी आलात, पहिले काम कोणते, दर काय होता आणि पैसे कोणाच्या हातात पडत, हे चार प्रश्न पुरेत. ‘तुम्ही कामाला होता का?’ असे विचारू नये, कारण बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतील. ‘सकाळी उठल्यापासून काय काय करत होता?’ असे विचारले की कांड्या, विड्या, टॉवेलच्या घड्या सगळे बाहेर येते. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजीला तिच्याच भाषेत बोलू द्यावे आणि कामाचे शब्द ती उच्चारते तसेच टिपावेत.

वहीवर प्रत्येक नोंदीच्या डोक्याशी त्या बाईचे नाव तिला हवे तसे लिहावे. माहेरी एक नाव, सासरी दुसरे आणि रेशन कार्डावर तिसरेच, असे असेल तर तिन्ही लिहावीत.