सुरामाला जायचंय? आधी गावाला विचारा

मागच्या अंकात मी गयानातल्या सुरामा गावाबद्दल लिहिलं होतं. मकुशी आदिवासींचं गाव, आणि तिथल्याच दोन गाइडबरोबर मी रेनफॉरेस्टमध्ये तीन रात्री हॅमॉकवर झोपून आले, त्याबद्दल. त्यावर इतके मेल आणि पत्रं आलीत की पुन्हा लेख लिहिण्यापेक्षा सरळ उत्तरंच देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, गयाना म्हणजे आफ्रिकेत ना? आणि मुंबईहून जायचं कसं? (एक वाचक, डोंबिवली)

आफ्रिकेत घाना आणि गिनी. गयाना दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएला आणि ब्राझीलला लागून, अटलांटिकच्या काठावर. क्रिकेटवाल्यांना राजधानी जॉर्जटाऊनचं नाव ओळखीचं असणार, १९७१ ला गावसकरांनी पहिलं कसोटी शतक तिथेच काढलं, ११६, आणि १९८३ च्या मार्चमध्ये आपण वेस्ट इंडिजला वनडेत पहिल्यांदा हरवलं तेही याच देशात, बर्बिसला. आकाराने देश महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश, माणसं मात्र जेमतेम आठ लाख, तीही बहुतेक समुद्रकाठी, आत ८५ टक्क्यांच्या आसपास नुसतं जंगल. १८३८ पासून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आपल्याकडून जहाजं भरभरून माणसं नेली, बहुतेक भोजपुरी भागातली, त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज तिथे साधारण ४० टक्के आहेत, त्यामुळे जॉर्जटाऊनमध्ये डाळपुरी मागितली की मिळते.

थेट विमान नाही. न्यूयॉर्क, मायामी, टोरंटो अशा एखाद्या ठिकाणाहून जावं लागतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचं बघा, नाहीतर तिथेच अडकाल. जॉर्जटाऊनहून आत जायला छोटी विमानं आहेत, नाहीतर ब्राझीलच्या सीमेवरच्या लेथेम गावाला जाणारी मिनीबस. मी मिनीबसने गेले. रात्रभर लाल मातीचा रस्ता, सगळी हाडं खिळखिळी, आणि सकाळी कुरुपुकारीला एसेक्विबो नदी बार्जवरून ओलांडायची, गाडीसकट. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता, ती एक सकाळ मी कधी विसरणार नाही. पलीकडे लगेच इवोक्रामाचं जंगल लागतं, ३,७१,००० हेक्टर, म्हणजे बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण पस्तीस वेळा. त्यात झाडांच्या शेंड्यांतून जाणारा झुलता पूल आहे, ३० मीटर उंचीवर, तो चुकवू नका. इवोक्रामा या मकुशी शब्दाचा अर्थ आसऱ्याची जागा असा सांगतात.

मे ते ऑगस्ट धो धो पाऊस, तेव्हा नको. सप्टेंबर ते मार्च बरा.

तंबूत झोपायचं का? साप, विंचू, डास यांचं काय? मला जायचंय पण रात्रीची भीती वाटते. (एक वाचक, ठाणे)

तंबू नाहीच. चार-सहा खांब, वर ताडपत्री किंवा पामच्या पानांचं छप्पर, भिंती अजिबात नाहीत, आणि आडव्या वाशांना ओळीने हॅमॉक टांगलेले, प्रत्येकाला आपापली मच्छरदाणी. कारण साधं आहे, जमीन कायम ओली आणि मुंग्यांनी भरलेली, तिथे जमिनीवर झोपायचं कोणाच्या मनातही येत नाही. माझा हॅमॉक बांधून झाल्यावर गाइड दादा आधी स्वतः त्यात बसले, दोनदा उसळी मारून गाठ बघितली, मग म्हणाले आता तू. आणि झोपायचं तिरकं, हे लक्षात ठेवा. सरळ झोपलात तर पाठ वाकून सकाळी उठवत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं पडलं की कापड ताणलं जातं आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. हे मला पहिल्या रात्री कळलं नाही, दुसऱ्या रात्री मस्त झोपले.

मस्त म्हणजे चारपर्यंत. पहाटे चारच्या सुमारास लाल हाऊलर माकडं सुरू होतात. लांबून आधी वारा सुटल्यासारखं वाटतं, मग ते वाढत वाढत बोगद्यातून गाडी यावी तसं अंगावर येतं, आणि पोटात खरंच गोळा येतो, तुम्हाला माहीत असलं की ती झाडावरची पानं खाणारी माकडं आहेत तरी. शेजारच्या हॅमॉकमधून गाइड दादांचा शांत आवाज आला, 'बॅबून.' तिथे हाऊलरला बॅबूनच म्हणतात. त्या एका शब्दाने जीव भांड्यात पडला.

सापांचं खोटं सांगत नाही, विषारी साप आहेत, लबारिया नावाचा तर चांगलाच, आणि वाळक्या पानांत तो दिसत नाही. म्हणून नियम आहेत आणि ते पाळायचे. गाइडच्या मागेच चालायचं, रात्री लघवीला जायचं तरी टॉर्च पायांपुढे, आणि आडवं पडलेलं खोड सरळ ओलांडायचं नाही, त्यावर पाय ठेवून पलीकडे काय आहे ते बघून मग उतरायचं. बूट रात्री काठ्यांवर उलटे खोचून ठेवतात, सकाळी झटकून घालायचे. मला तीन दिवसांत साप एकच दिसला, हिरवा, बारीक, झाडावर, तोही गाइडनी दाखवला म्हणून.

खरा त्रास किड्यांचा. काबुरा म्हणून बारीक माश्या असतात आणि गवतातला बेत रूज नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा, तो कमरेच्या पट्ट्याखाली चावतो. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर आठ दिवस खाजवत होते.

मी शुद्ध शाकाहारी आहे, जंगलात उपाशी राहायची वेळ येईल का? तिथले लोक खातात काय? (एक वाचक, सांगली)

उपाशी राहणार नाही, पण आधी कळवा, ऐनवेळी सांगून स्वयंपाक करणाऱ्या मावशींना अडचणीत आणू नका. भात, राजमासारख्या शेंगा, भोपळा, अंडी चालत असतील तर अंडी, जवळच्या अरानापुतामध्ये शेंगदाण्याचं पीनट बटर बनतं ते, फळं. आणि कसावा, सकाळ संध्याकाळ कसावा.

कसावा म्हणजे आपला साबुदाण्याचा कंद! आपण एकादशीला ज्याची खिचडी करतो तो याच झाडाचा, आणि झाड मुळात दक्षिण अमेरिकेचंच. फक्त मकुशी लोक जास्त करून कडू जात लावतात आणि ती कच्ची खाल्ली तर माणूस मरू शकतो, त्यात सायनाइड तयार होतं. मग ते करतात काय, ते मी एका आजीबाईंच्या अंगणात पूर्ण दुपार बसून पाहिलं आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. कंद सोलून किसायचा. तो ओला पांढरा कीस मातापीत भरायचा, मातापी म्हणजे वेताची विणलेली लांब बारीक नळी, माणसाच्या उंचीएवढी, वीण अशी की भरली की जाड आणि आखूड होते, आणि खालून ओढली की लांब आणि बारीक होते. वरचं टोक वाशाला अडकवलं, खालच्या कडीत एक लांब दांडा घातला आणि आजी त्या दांड्यावर जाऊन बसल्या. नुसत्या बसल्या, माझ्याशी गप्पा मारत. मातापी आवळत गेली आणि विणीतून पिवळट पाणी टपटप खाली मडक्यात. तेच विष. शेजारी कोंबडीची पिल्लं आली तर नातीने ओरडून हाकलली, त्या पाण्याला तोंड लावू देत नाहीत.

आणि तेही पाणी फेकत नाहीत. मडक्याच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं ते काढून घेतात, वरचं पाणी तासन् तास उकळतात, विष उडून जातं आणि काळं दाट कॅसरीप उरतं, चिंच-गुळाच्या चटणीसारखं दिसतं, चव मात्र वेगळी, थोडी जळकट गोड. ते मासे-मटणाच्या रश्श्यात जातं. कोरडा झालेला कीस चाळून मोठ्या तव्यावर थापला की भाकरी, आणि सतत परतत राहिलं की फरीन, जाड्या रव्यासारखं कुरकुरीत, महिनोन् महिने टिकतं. जंगलात जाताना गाइडच्या पिशवीत तेच असतं. परतताना जो वास सुटतो ना, डोळे मिटले तर आपल्याकडे रवा भाजतायत असंच वाटतं.

हे कोणी आणि कधी शोधून काढलं असेल, किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार करत मी बसून होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. क्युरारे याच भागातलं ना? (डॉक्टर वाचक, सोलापूर)

हो डॉक्टर, अगदी तिथलंच, आणि तुम्ही विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. क्युरारे म्हणजे शिकारीच्या बाणांना लावायचं, वेलीपासून केलेलं विष. मकुशींचं क्युरारे, ते वुराली म्हणायचे, सगळ्यात जालीम म्हणून प्रसिद्ध होतं. चार्ल्स वॉटरटन नावाचा इंग्रज १८१२ मध्ये मुद्दाम त्यासाठी आत गेला आणि घेऊन आला. मग इंग्लंडमध्ये एका गाढवीला ते टोचलं, तिचा श्वास थांबला, आणि भात्याने तिच्या फुप्फुसात हवा भरत राहिले तर ती जगली. म्हणजे हे औषध स्नायू सैल करतं, श्वास आपण चालू ठेवला तर माणूस वाचतो, हे तेव्हाच दिसलं होतं. ऑपरेशनमध्ये ते वापरायला १९४२ उजाडलं, मॉन्ट्रियलमध्ये. वॉटरटनचं नाव पुस्तकात आहे, ज्या मकुशी माणसांनी ती वेल ओळखली आणि ते विष शिजवायची रीत बसवली त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि मला ते खूप लागलं. आमच्या गाइडनी चालता चालता एका वेलीला हात लावून सांगितलं, ही ती. हाताच्या मनगटाएवढी, करड्या सालीची, मी एकटी असते तर बाजूने निघून गेले असते.

वडील ६४ वर्षांचे आहेत, त्यांना नेऊ का? लस वगैरे? (एक वाचक, नाशिक)

चालणं रोज तीन-चार तासांचं, दमट हवेत, ते जमत असेल तर न्या. पण यलो फीव्हरची लस लागते. गयाना त्या यादीत आहे, आणि सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांसाठी क्वारंटाइनमध्ये पाठवतात. ही लस फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. साठीच्या पुढे या लसीचा धोका थोडा वाढतो, अंड्याची ॲलर्जी असेल तरीही, म्हणून वडिलांसाठी आधी डॉक्टरांशी नीट बोला, नुसतं तिकीट काढून मोकळे होऊ नका. आतल्या भागात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्या निघायच्या आधीच सुरू होतात. इन्शुरन्स घेताना विमानाने हलवायचा खर्च त्यात आहे का ते वाचा.

राग मानू नका, पण हे आदिवासींना शोकेसमध्ये ठेवून बघायला जाणं नाही का? (एक वाचक, पुणे)

राग कसला, जायच्या आधी मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि बऱ्याच ठिकाणी असं होतंच, बसमधून उतरायचं, नाच बघायचा, फोटो, परत बस. त्याला मी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

सुरामाचं वेगळं आहे ते यासाठी की बोलावणारा गाव आहे. गयानाच्या २००६ च्या अमेरिंडियन कायद्यानुसार आदिवासी गावाच्या जमिनीवर बाहेरच्याने पाऊल टाकायला गावाच्या कौन्सिलची परवानगी लागते, आणि कौन्सिलचा प्रमुख, तोशाओ म्हणतात त्याला, गावानेच निवडून दिलेला असतो. लॉज गावाच्या मालकीचा. हे १९९० च्या दशकात गावाने स्वतः बसून ठरवलं, कारण पोरं कामासाठी गाव सोडून चालली होती. त्यात पुढे असलेले सिडनी अलिकॉक नंतर २०१५ मध्ये देशाच्या मंत्रिमंडळात आदिवासी खात्याचे मंत्री झाले. आम्ही दिलेल्या पैशातून गाइड, नावाडी, स्वयंपाकवाल्या, ज्यांच्या शेतातून कसावा आला ते, सगळ्यांना वाटा, आणि काही गावाच्या फंडात.

आमच्यासमोर कोणी नाचलं नाही. गाइड दादा जीन्स आणि गमबूट घालून, रेंज आली की आईला मकुशीत फोन करणारे. एका ओढ्यापाशी त्यांनी सांगितलं इथून पुढे नाही जायचं. का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आम्ही वळलो. मला त्या ट्रिपमधलं हेच सगळ्यात जास्त आवडलं, की ते नाही म्हणू शकत होते. कुठल्याही अशा ट्रिपला जायच्या आधी एवढं विचारा, पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि नाही म्हणायचा हक्क कोणाकडे आहे. उत्तर देताना कोणी चाचरलं तर सोडून द्या.

मग आपल्याकडे असं का नाही होत? (एक वाचक, चंद्रपूर)

तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, गडचिरोलीत, मेंढा-लेखा गावाकडे बघा ना. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी, आणि तरी स्वतःचा बांबू विकायचे पास ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं. जंगल कोणाचं हे आधी ठरलं पाहिजे, होमस्टे आणि कॅम्पिंग त्याच्यानंतर. आपल्याकडे खूपदा उलटं होतं, रिसॉर्ट आधी येतो आणि पाड्यावरचा माणूस तिथे वेटर होतो. मला याचा फार त्रास होतो.

मुलांसाठी चॉकलेट नेऊ का? फोटो काढलेले चालतात? (शिक्षिका, कोल्हापूर)

चॉकलेट वाटू नका, मुलांना पाहुण्यांपुढे हात पसरायची सवय लागते, त्यांच्या आई-बाबांना ते आवडत नाही. द्यायचंच असेल तर शाळेत विचारून वह्या, रंग द्या. फोटो आधी विचारून. त्या आजींनी मला नाही म्हटलं, म्हणून मातापीचा फोटो माझ्याकडे नाही, वर लिहिलंय तेवढंच आहे.

मी सातवीत आहे. तुम्हाला जॅग्वार दिसला का? (वाचक, रत्नागिरी)

नाही रे, नाही दिसला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी बुरो बुरो नदीच्या काठावर, जिथे आम्ही आदल्या संध्याकाळी होडी ओढून ठेवली होती, तिथे ओल्या वाळूत त्याचे पंजे उमटलेले होते. गाइड दादांनी खाली बसून त्याच्या शेजारी आपला तळहात ठेवला, दोन्ही जवळजवळ सारखेच. खड्ड्यात अजून पाणी झिरपत होतं, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. मग त्यांनी आम्हाला होडीत बसायला सांगितलं, आणि वल्हं पाण्यात आवाज न करता कसं घालायचं ते मला दाखवलं.