डाउनलोड केलेली गाणी कुणाची?

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, पुण्यात सहकारनगरला राहतो. तळजाई टेकडीवर रोज सकाळी आमचा हास्यक्लब भरतो, तिथं गाणी लावायचं काम माझ्याकडे. ‘डाउनलोड करा, कायमची ऐका’ अशी एका अ‍ॅपची जाहिरात पाहून मी वर्षाचे १,१९९ रुपये भरले आणि चारशेवर नाट्यपदं, भावगीतं उतरवून घेतली. वर्ष संपलं, पुन्हा पैसे भरले नाहीत, तर आता एकही गाणं वाजत नाही. भाचा म्हणतो, फुकटच्या साइटवरून सगळी काढून पेनड्राइव्ह करू आणि क्लबातल्या तीस जणांना दोनशे-दोनशेला देऊ. असं चालेल का? माझे पैसे परत मिळतील का? आणि आता कोणती सेवा घेऊ?

उत्तर : काका, आधी भाच्याला थांबवा, बाकीचं मग निवांत बोलू. दोनशे रुपये खर्चापुरते घेतले काय किंवा नफ्याला, दुसऱ्याच्या हक्काच्या गाण्यांच्या प्रती काढून विकणं हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. कैद किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तीस जणांकडून पैसे घेतल्यावर हा बचाव लंगडा पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. म्हणजे तक्रार आली की पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पोरगा नोकरीच्या वयाचा असेल, तर पासपोर्टच्या पडताळणीपासून सगळीकडे हे प्रकरण त्याच्या मागे लागेल. सहा हजार रुपयांसाठी हे ओढवून घेऊ नका.

हास्यक्लबात गाणी लावण्याची मात्र धास्ती नको. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबनं आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण चारचौघांत ऐकवलं, तर कलम ५२ त्याला हक्कभंग मानत नाही. अडचण येते ती अ‍ॅपच्या अटींमुळे. ‘फक्त वैयक्तिक ऐकण्यासाठी’ असं त्यांत बहुधा लिहिलेलं असतं आणि पैसे भरताना आपण त्याला मान्यता दिलेली असते. म्हणून क्लबासाठी गाण्याची स्वतःची प्रत असलेली बरी.

आता मूळ दुखणं. ‘डाउनलोड’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या व्यवहारांना वापरला जातो. एकात तुम्ही गाण्याची प्रत विकत घेता. दुसऱ्यात वर्गणी चालू असेपर्यंत इंटरनेटशिवाय ऐकण्याची मुभा घेता. तुम्ही घेतलीत ती मुभा, पण जाहिरात वाचून तुम्हाला वाटलं की प्रत घेतली. स्पॉटिफायसारख्या सेवेत तर वर्गणी चालू असतानाही, उतरवलेली गाणी टिकवायची तर निदान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं. आणि सेवाच बंद पडली तर? एअरटेलनं २०२४ मध्ये विंक हे आपलं गाण्यांचं अ‍ॅप गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिलाच.

ओळखायचं कसं, ते आत्ता करून बघा. मोबाइलमधलं ‘फाइल्स’ उघडा आणि त्यात उतरवलेलं गाणं शोधा. नावापुढे एमपीथ्री किंवा फ्लॅक असेल, दुसऱ्या कुठल्याही प्लेअरमध्ये ते वाजत असेल, पेनड्राइव्हवर जात असेल, तर ती प्रत. गाणं अ‍ॅपच्या बाहेर कुठं सापडतच नसेल, तर ती मुभा. गाणं अ‍ॅपबाहेर वाजू नये म्हणून घातलेलं कुलूप फोडून ती गाणी बाहेर काढून देतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हा कलम ६५-अ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

पण काका, तुमची आवड नाट्यपदांची, आणि तिथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. काकासाहेब खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. म्हणजे खाडिलकरांचे शब्द, बुवांची किंवा टेंब्यांची चाल आणि बालगंधर्वांची जुनी तबकडी असेल, तर तिन्ही हक्क संपलेत. अशी मुद्रणं तुम्ही उतरवू शकता, वाटूही शकता. इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांचा मोठा साठा आहे. मात्र तिथं ठेवलेलं सगळंच हक्कमुक्त नसतं, त्यामुळे प्रत्येकाचं साल बघा. कंपनीनं नव्यानं साफसूफ करून काढलेल्या आवृत्तीवर ती वेगळा हक्क सांगू शकते, तीही सोडा. भावगीतांना हा हिशेब लागू पडेलच असं नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे.

भावगीतं विकतच घ्या. अ‍ॅपलच्या आयट्यून्स स्टोअरवर एकेक गाणं खरेदी करता येतं आणि २००९ पासून तिथल्या गाण्यांना कुलूप नाही. बँडकॅम्प या संकेतस्थळावरही खरी प्रत मिळते आणि नव्या स्वतंत्र कलाकारांसाठी ते उत्तम आहे, पण जुनी भावगीतं तिथं शोधत बसू नका. तळजाईवर रेंजची कटकट नको असेल, तर सारेगामाचा कारवां हा गाणी भरलेला प्लेअर घ्या. माझा कल त्याकडेच आहे. वर्गणीचं अ‍ॅप घरी ऐकायला जरूर घ्या, फक्त पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे पुढची वर्गणी खात्यातून आपोआप कापणं, चालू झालं नाही ना, एवढं बघा.

राहिले १,१९९ रुपये. पूर्ण मिळतील असं मी सांगणार नाही, कारण वर्षभर तुम्ही ऐकलंत. पण ठळक अक्षरांत ‘कायमची’ म्हणायचं आणि बारीक अटींत ते मागे घ्यायचं, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांना धरून नाही. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर तुमची बाजू भक्कम आहे; नसेल तर क्लबात आणखी कुणी ती जपून ठेवली आहे का, विचारा. पैसे भरल्याची पावती, जाहिरात आणि गाणी बंद असल्याचं दाखवणारा आताचा स्क्रीनशॉट, हे तिन्ही जोडून अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण ही त्यांची जबाबदारी आहे. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही पुण्यात राहता, म्हणून तक्रार पुण्यातच करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची, त्यातले किती महिने गेलेत ते पावतीवर आणि गाणी बंद पडल्याच्या तारखेवर बघा. मेल लिहिलात की पाठवण्याआधी मला दाखवा, मी वाचून देते.